डावीकडं दाजींचा दवाखाना

आई तांब्यानं पाणी घालत होती आणि आण्णा परातीपुढं उकिडवे बसून दाजींचे पाय धूत होते. मध्येच आण्णांचा हात थांबला. दुसरा हात छातीशी गेला, ओठ आवळले गेले, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ते पंच्यानं दाजींची टाच पुसायला लागले.

"काय झालं, आण्णा?" मी विचारलं.

"कुठं काय? गुडघा धरलाय."

गुडघा धरला म्हणून कुणी छाती दाबत नाही, एवढं मला कळत होतं. पण दाजी पाटावर उभे होते, त्यांचा एक पाय अजून ओला होता, आणि आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले.

अधिक महिना होता. आमच्याकडं त्या महिन्यात लेक-जावयाला धोंड्याचं जेवण करतात. जावई म्हणजे नारायण, लेक म्हणजे लक्ष्मी. पाय धुवायचे, ओवाळायचं, कपडे करायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे. आमच्या नारायणाचं नाव डॉक्टर रणधीर. तालुक्याच्या गावात पाच-सहा कॉटांचा दवाखाना, दारात पांढरी इंडिका, आणि स्वभाव असा की जावई म्हणजे दहावा ग्रह ही म्हण यांना बघूनच कुणीतरी केली असावी. माझी मोठी बहीण उज्ज्वला त्यांना दिलेली. राग नाकावर असलेली माणसं परवडली, शिंक आली की राग जातो. दाजींचा राग मुरांब्यासारखा मुरत राहायचा.

आदल्या दिवाळीनंतर आमच्या चुलतभावाचं लग्न झालं. मांडवात फेटे बांधताना फेटेवाल्यानं आधी दुसऱ्या जावयाच्या, एका तलाठ्याच्या, डोक्याला हात घातला. बिचाऱ्याला काय माहीत कोण डॉक्टर आणि कोण तलाठी! दाजी बोडक्यानंच उठले, न जेवता गेले, आणि आठवड्याभरानं ताईला बॅगेसह आमच्या दारात उतरवून निघून गेले. गाडीतून खालीसुद्धा उतरले नाहीत. तेव्हापासून ताई आमच्याकडंच. विचारणाऱ्याला आई "माहेरपणाला आलीय" म्हणायची, आणि विचारणारी हसू दाबून "राहूदे की चार दिवस" म्हणायची.

आण्णा बेदाण्याचे व्यापारी. सौद्यात त्यांनी आवाज चढवला की समोरचा दलाल पुढचा आकडा गिळून टाकायचा. असला माणूस त्या उन्हाळ्यात किती वेळा दाजींच्या दवाखान्यात जाऊन पेशंटांच्या बाकावर बसून आला, ते त्यालाच ठाऊक. दाजी आधी पेशंट तपासायचे. सगळे संपले की जेवायला घरी जायचे. शेवटी एकदाचे म्हणाले, "धोंड्याला येतो. नीट झालं सगळं, तर तिला घेऊन जातो."

नीट व्हायचं होतं ते हे. पहाटेपासून आई पुरण वाटत होती, आणि ताई आरशापुढं तिसऱ्यांदा साडी बदलत होती.

ओवाळणं झालं, दाजी आणि ताई ताटावर बसले. आण्णा स्वयंपाकघरात आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. सदऱ्याची पाठ घामानं चिंब झाली होती. मे महिना होता, घाम सगळ्यांनाच येत होता, पण असला गार घाम मी पहिल्यांदाच बघत होते. कपाळाला हात लावला तर माठाला लावल्यासारखं वाटलं.

"छातीत दुखतंय ना?"

"दाबल्यासारखं होतंय. जाईल."

"हात?"

"हातातबी उतरलंय जरा. जबडा पण धरलाय. गप, आवाज करू नको."

"मी दाजींना बोलावते."

आण्णांनी माझं मनगट धरलं. त्या अवस्थेतही चांगलं घट्ट धरलं. "ताटावर बसलेल्या जावयाला उठवतीस? डोकं हाय का ठिकाणावर?"

"आण्णा, ते डॉक्टर आहेत!"

"तेच म्हणतेय मी," आई कढईतून धोंडा काढता काढता म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "डॉक्टर घरातच हायत की. कुठं पळून चाललेत का? तेवढं जेवण होऊंदे. धोंड्याच्या ताटावरनं जावयाला उठवलं तर आयुष्यभर काढतील ते. जा, तू आग्रह कर. आणि हस जरा."

मग मी तुपाची वाटी घेऊन बाहेर गेले. एका खोलीत माझे वडील भिंतीला टेकून घाम पुसत होते, आणि दुसऱ्या खोलीत डॉक्टर जेवत होते. मध्ये एक दार होतं, तेही उघडं. मी दाजींपुढं वाकले आणि हसून म्हणाले, "अजून एक वाढू का, दाजी?" असला आग्रह जगात कुणी केला नसेल. तोंडानं वाढू का म्हणत होते आणि मनात म्हणत होते, पुरे म्हण, मेल्या, पुरे म्हण.

दाजींनी ताटाकडं बघितलं, पोटावरून हात फिरवला. "गरम असेल तर वाढा की."

तो खाल्ला. मग भात घेतला. मग कटाची आमटी चांगली झालीय म्हणून पुन्हा भात घेतला. ताईला मधूनच स्वयंपाकघरातलं काहीतरी जाणवत होतं. ती मान वळवून दाराकडं बघायची. दाजी म्हणाले, "ताटावर लक्ष ठेवावं माणसानं," की पुन्हा खाली बघायची.

हात धुणं, विडा, सुपारी असं सगळं झाल्यावर आई पदर सावरत पुढं झाली. "जरा ह्यांच्याकडं बघता का? सकाळधरनं जरा कसंतरी व्हतंय म्हणत्यात."

दाजी दिवाणावर लोडाला टेकले होते. उठले नाहीत. आण्णाच चालत त्यांच्यापुढं आले आणि खुर्चीत बसले. दाजींनी मनगट धरलं, डोळे मिटले, विडा या गालातून त्या गालात केला.

"पित्त आहे. पुरण आणि तूप, या वयात झेपत नाही, आण्णा."

"आण्णांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, दाजी," मी म्हणाले. "तुमचं व्हायच्या आधी ते कसे जेवतील?"

दाजींनी डोळे उघडले. "रिकाम्या पोटी तर पित्त जास्तच होतं."

म्हणजे जेवला असता तरी पित्त, आणि न जेवला तरी पित्तच. एवढ्यात आण्णा खुर्चीतून पुढं झुकले आणि ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी पडलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि नजर कुठंतरी आमच्या पलीकडं लागली होती. मी व्हॅनची किल्ली खुंटीवरून काढली. बेदाण्याच्या पेट्या न्यायला आमची जुनी ऑम्नी होती. आण्णांनीच मला ती चालवायला शिकवली होती.

"मी मिरजेला नेते. मोठ्या हॉस्पिटलात, सरळ कॅज्युअल्टीत."

मग दाजी हसले.

"न्या की. मी कोण सांगणारा? मिरजेला मोठमोठे डॉक्टर आहेत, मी आपला बारका." ते उठून पायात बूट घालायला लागले. नाडी बांधता बांधता म्हणाले, "उद्या तालुकाभर होईल. सासरा आजारी पडला तर जावयाचा दवाखाना ओलांडून मिरजेला नेला. चांगलं आहे. माझ्या पेशंटांनाही कळू दे, कुठं जायचं ते."

"तसं नाही हो..." आई म्हणाली.

"कसं नाही? तिथं मी पाटी लावून बसलोय, चोवीस तास सेवा म्हणून. माझ्याच माणसांचा माझ्यावर विश्वास नाही." दुसऱ्या बुटाची नाडी त्यांनी आवळली आणि ताईकडं न बघताच म्हणाले, "उज्ज्वला, तू थांब मग इथंच. वडिलांना बरं नाही तुझ्या."

ऐकणाऱ्याला वाटावं काय सज्जन माणूस, बायकोला बापाच्या सेवेला ठेवतोय! पण आम्हा चौघांना त्याचा अर्थ स्वच्छ कळला. ताईची बॅग भरून सोप्यात ठेवलेली होती. ती त्या बॅगेकडं बघत उभी राहिली, आणि आईनं तोंडाला पदर लावला.

आण्णांनी मान वर केली. बोलायला त्यांना दम लागत होता, तरी जावयापुढचा तो गोड आवाज त्यांनी काढलाच. "पोरगी हाय, राव. घाबरली. तिचं काय मनावर घेता? तुमचा दवाखाना असताना मिरजेला कशाला जायचं? चला, तुमच्याकडंच चला."

दाजींचा चेहरा सैल झाला. "मी पुढं होतो. सगळं तयार ठेवतो." आणि इंडिका घेऊन ते निघूनही गेले. आण्णांना त्यांच्या गाडीत घेतलं नाही, कारण आण्णांच्या सदऱ्यावर ओकारी होती. जाताना आईनं दिलेला आहेर मात्र त्यांनी मागच्या सीटवर नीट ठेवून घेतला.

मी व्हॅन चालवत होते. मागच्या सीटवर ताईच्या मांडीवर आण्णांचं डोकं होतं. आईला आम्ही घरीच ठेवली. आमच्या गावाबाहेर फाटा लागतो. डावीकडं वळलं की दहा मिनिटांत तालुका, म्हणजे दाजींचा दवाखाना. उजवीकडं अर्धा तास गेलं की मिरज. फाट्यावर आल्यावर मी व्हॅन कडेला घेतली. दाजींची गाडी केव्हाच डावीकडं गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आण्णा, ते पुढं गेलेत. त्यांना दिसत नाही आपण. मी उजवीकडं घेते. नंतर काय सांगायचं ते मी सांगते. गाडी बिघडली म्हणते. नाहीतर सगळं माझ्यावर घेते."

आरशात मला ताई दिसत होती. तिनं आण्णांच्या छातीवर हात ठेवला होता, चोळत होती.

"ताई, बोल की काहीतरी!"

"ते वाट बघत असतील गं," ताई म्हणाली.

"बघू देत. मरतील काय वाट बघून?"

"तुला काय माहीत नाही." तिचा आवाज चिरका झाला. "तुला नांदायचंय का तिथं? उद्या मला कायमची इथं ठेवली, तर तू सांभाळणार आहेस? तुझं लग्न तरी होईल का मग?" आणि मग तिनं खाली वाकून, लहान मुलीसारखं, आण्णांच्या कानाशी म्हटलं, "आण्णा, तुम्हीच सांगा हिला. माझं नाही ऐकायची ती."

मरायला टेकलेल्या माणसाकडून तिनं ते वदवून घेतलं. त्या क्षणी मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती, आणि आजही तो प्रसंग आठवला की हात शिवशिवतो.

आण्णांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडं बघितलं. सौद्यात अखेरचा भाव सांगताना बघायचे तसे, पुढं घासाघीस नाही.

"डावीकडं घे, बाळ."

मी डावीकडं घेतली.

दाजींनी तयारी ठेवली होती हे खरं. कॉटवर नवी चादर होती, पंखा सुरू होता, दारात कंपाउंडर उभा होता. आण्णांना झोपवलं, सलाइन लावलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं. "अर्ध्या तासात उठून बसतील. मग चहा घेऊ," दाजी म्हणाले आणि ताईला म्हणाले, "बघितलंस? उगीच घाबरवतात लोक." ताई हसली. तिचं ते हसू मला बघवेना.

"ईसीजी काढा ना, दाजी."

"काढू की. तुमच्या समाधानासाठी काढू." मशीन नवीन होतं, त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. कंपाउंडरला वायरी लावता येईनात, म्हणून दाजींनीच लावल्या. पट्टी बाहेर येत गेली. दाजींनी ती उजेडाकडं धरून बघितली. मग चष्मा लावून बघितली. मग काही न बोलता ती घेऊन केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. काचेतून मला ते फोनवर बोलताना दिसत होते, एका हातानं टेबलावरचं पेन उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावरही घाम होता.

"मिरजेला हलवूया," ते म्हणाले. "खबरदारी म्हणून."

मला वाटलं आण्णा चिडतील. निदान एकदा तरी चिडतील. पण त्यांच्या राखेसारख्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. माझा हात धरून पुटपुटले, "बघ, त्यांनीच सांगितलं. आता चल."

आता जायला हरकत नव्हती. आता कुणाचा अपमान होत नव्हता. पुन्हा त्याच व्हॅनमध्ये, त्याच सीटवर, त्यांना घातलं. या वेळी दाजीही बसले, माझ्या शेजारी. फाटा आला, गेला. फाटा ओलांडून थोडं पुढं गेल्यावर ताईनं हाक मारली, "आण्णा?" मग पुन्हा मारली, मोठ्यानं. मग किंचाळली. दाजी सीटवरून मागं चढले आणि आण्णांची छाती दाबायला लागले. मी हॉर्नवर हात ठेवून चालवत राहिले. आरशात बघितलं नाही.

मिरजेच्या कॅज्युअल्टीत सगळं झटपट झालं. स्ट्रेचर, पडदा, चार-पाच माणसं. आणि मग तेवढ्याच झटपट सगळं थांबलं. तरुण डॉक्टर बाहेर आला.

"कधीपासून दुखत होतं त्यांना?"

"आत्ताच," दाजी म्हणाले. "म्हणजे सांगितलंच नाही त्यांनी. लपवत होते. दवाखान्याला फार घाबरायचे. मी स्वतः डॉक्टर आहे, मी म्हणत होतो मिरजेला चला म्हणून, ऐकायलाच तयार नव्हते."

क्षणभर मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मी ओरडले, "खोटं आहे! दुपारपासून ह्यांच्यापुढंच होते आण्णा! ह्यांनी पित्त म्हणून..."

ताईनं माझा दंड धरला. नखं रुतली. दाजींनी तरुण डॉक्टरच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाजूला घेत हळूच म्हणाले, "लहान आहे. धक्का बसलाय तिला. एखादी झोपेची गोळी मिळेल का?"

मी ताईकडं बघितलं. "तू सांग. तू होतीस ना? सांग त्याला!"

ताईनं मिठाची गुळणी धरली होती. ती फरशीकडं बघत उभी राहिली.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात आण्णा दवाखान्याला घाबरणारे झाले. सुरुवातीला पाहुण्यांना दाजी सांगायचे, मग पाहुणे एकमेकांना सांगायला लागले, आणि महिन्याभरात आईसुद्धा सांगायला लागली. "कधी डॉक्टरकडं गेले न्हाईत हो. फार भ्यायचे." दिवसकार्याला सगळी भावकी दाजींच्या भोवती बसली होती. "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं जावयानं. भाग्यवान माणूस, जावयाच्या हातावर गेला." दाजी मान खाली घालून ऐकायचे आणि मधूनच एक उसासा सोडायचे. माझ्याकडं मात्र बायका भुवया उंचावून बघायच्या. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढं या पोरीला कसं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्न न झालेल्या मुलीची जीभ एवढी लांब नसावी.

तेरावा झाला आणि दाजी ताईला घेऊन गेले. बॅग भरलेलीच होती. ताई गाडीत बसताना आई तिला कुंकू लावायला पुढं झाली, आणि मध्येच थांबली, कारण आता तिला लावता येत नव्हतं. मी लावलं. गाडी गेल्यावर आई दारातच खाली बसली.

"जाताना एवढं तरी करून गेले," ती म्हणाली. "पोरीचा संसार लावून दिला."

मी पण तेच धरून बसले. दुसरं धरायला काही नव्हतंच. आण्णांनी सौदा केला होता. स्वतःचा जीव दिला आणि ताईचं घर घेतलं. महाग पडला, पण आण्णांनीच ठरवलेला भाव, त्यांना व्यापार कळत होता. ताईला पुढं दोन मुलं झाली. दवाखान्यावर दुसरा मजला चढला. माझं लग्न मिरजेतच झालं. ताईकडं मी लग्नकार्यापुरती जायची, दाजींशी हवापाण्याचं बोलायची. ताईवरचा माझा राग काही गेला नाही, पण मी म्हणायची, जाऊदे, बिचारीला दुसरा रस्ता कुठं होता?

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ताईचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मिरजेला आणलं होतं. त्याच हॉस्पिटलात. मी भाकरी, वांग्याची भाजी, भात असं घाईघाईनं डब्यात भरलं आणि गेले.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"वाचले बघ! ब्लॉक व्हता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. तुझ्या बहिणीनं वाचवलं. देवासारखी उभी राहिली."

"ताईनं?"

"मग काय! आमचा हाय की शहाणा. म्हणतोय, पित्त हाय, खाली आपल्या दवाखान्यात घेऊ, सलाइन लावू. घरातला माणूस दुसऱ्याकडं नेला तर लोक काय म्हणतील म्हणतोय. हिनं ऐकलं न्हाई. गाडीच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, मिरजेला न्यायचं असलं तरच हलते."

त्या आत आबांकडं गेल्या. ताई माझ्या शेजारी येऊन बसली. केस विसकटलेले होते, पायात घरातल्या चपला. रात्रीची झोप नसलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसला पांढुरकेपणा होता, पण खुशीत होती. सासूनं चारचौघांत कौतुक केलं होतं.

"आडवी उभी राहिलीस?" मी विचारलं.

"राहिले. मग काय करू? हात दुखतोय म्हणत होते आबा, घाम फुटला होता. मी बघितलंय ना एकदा. मला लगेच कळलं."

"दाजी काय म्हणाले?"

"चिडले. एवढे चिडले की विचारू नको." ती डब्याची कडी काढायला लागली. "म्हणाले, जा मग माहेरी, पुन्हा येऊ नको. मी म्हटलं, जाते. आधी आबांना मिरजेला घ्या, तिथनंच जाते."

"मग?"

"मग काय. गाडी काढली."

"एवढंच?"

"रस्ताभर बोलले नाहीत. अजूनपण बोलत नाहीत." ताईनं झाकण उघडलं, भाजीचा वास घेतला. "बोलतील. भूक लागली की बोलतात."

सवयीनं, हसत हसत म्हणाली ती. नवऱ्याबद्दल कुठलीही बाई म्हणते तसं. आणि मग तिचा हात डब्यावरच थांबला. ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या तोंडावरची खुशी आमच्या दोघींच्या देखत उतरत गेली. भूक लागेपर्यंत. एवढाच तो राग होता. ज्याला भिऊन आण्णा ताटावरचं जेवण संपायची वाट बघत भिंतीला टेकून बसले, ज्याच्यासाठी डावीकडं घे म्हणाले, तो राग एका जेवणापुरता होता. कुणी एकानं, एकदा, गाडीच्या आडवं उभं राहायचं होतं.

"रोहे," ती म्हणाली, आणि तिनं माझा हात धरला.

तेवढ्यात दाजी आले. हातात औषधांची पिशवी होती. आम्हा दोघींकडं त्यांनी बघितलं नाही, डब्याकडं बघितलं.

"भाजी कसली आहे?" त्यांनी विचारलं.

ताईला रडू फुटलं. तोंडावर पदर दाबला तरी आवाज बाहेर येत होता. लोक वळून बघायला लागले. इतक्या वर्षांत ती आण्णांसाठी अशी रडलेली मी बघितली नव्हती. दाजी गोंधळून तिच्याजवळ बसले, आणि रात्रभराचा राग विसरून चांगल्या मायेनं त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आबा वाचले की," ते म्हणाले. "आता कशाला रडतीस?"